फोंतेन्ब्लोचें अरण्य आणि चित्रकार

हिवाळ्याच्या दिवसांत वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, नाशिकास गोदेच्या कांठीं किंवा मुंबईंत बाणगंगेच्या पायऱ्यांवर एक देखावा पुष्कळांनीं पाहिला असेल. कलाशाळेंतील दहापांच विद्यार्थी ऐसपैस सामान मांडून बसलेले असतात. कोणी देवळाचा कळस कागदावर उतरवीत असतो, कोणी पाण्यांतील हलत्या प्रतिबिंबाशीं झटत असतो, आणि गांवचीं पोरें त्यांच्या खांद्यांवरून वांकून पाहत कोणाचें चित्र साधलें व कोणाचें फसलें याचा निकाल बेधडक देत असतात. परदेशांत अशीं शिबिरें राखीव अरण्यांतहि भरतात. उघड्यावर बसून निसर्गाचें चित्र काढावें ही गोष्ट आज इतकी अंगवळणीं पडली आहे कीं तिच्यांत कांहीं नवल आहे असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. त्याचप्रमाणें एखादें रान केवळ तें सुंदर आहे म्हणून राखून ठेवावें, त्यावर कुऱ्हाड चालवूं नये, हीहि कल्पना आज सर्वमान्य झाली आहे. दोनशें वर्षांपूर्वीं मात्र या दोन्ही गोष्टी शहाण्या माणसांस विचित्र वाटत. श्रोत्यांस आज जें स्थान दाखवावयाचें आहे तेथें हीं दोन्ही वेडें एकाच पिढींत आणि बहुतेक एकाच खाणावळींत नांदलीं. तें स्थान म्हणजे फ्रान्समधील फोंतेन्ब्लोचें अरण्य.

पॅरिसच्या आग्नेयेस सुमारें ६० किलोमीटरांवर हें अरण्य पसरलें आहे. सरकारी मालकीचें रान तेवढें धरलें तरी तें सुमारें १७,००० हेक्टर, म्हणजे ४०,००० एकरांहून अधिक भरतें. त्याच्या पोटांत राजवाडा आहे. फ्रान्सचे राजे येथें शतकानुशतकें शिकारीस येत, आणि राजांच्या या हौसेपायींच हें रान शेतकऱ्याच्या नांगरापासून बचावलें. येथील जमीन म्हणजे पांढरी, पिठासारखी बारीक वाळू. आणि त्या वाळूवर वाळूच्याच दगडाच्या प्रचंड शिळा, कोठें कासवाच्या पाठीसारख्या गोल, कोठें बसलेल्या हत्तींच्या कळपासारख्या. वाळू कांचेच्या भट्ट्यांस उपयोगी पडे आणि दगड फोडून त्यांच्या लाद्या पॅरिसच्या रस्त्यांवर घालीत. झाडांत मुख्य म्हणजे ओक, त्याच्या खालोखाल बीच नांवाचा गुळगुळीत करड्या सालीचा वृक्ष, आणि मधूनमधून पांढऱ्या अंगाचे भूर्ज. कित्येक ओक कित्येक शतकांचे. दोन तासांच्या चालींत माणसास येथें घनदाट सावली, उघडा माळ, खडकाळ दरी आणि साचलेल्या पाण्याचीं डबकीं हें सारें भेटतें. इतकें वैविध्य आणि तेंहि राजधानीपासून एका दिवसाच्या आंत, असा योग चित्रकारांस दुसरीकडे सहसा सांपडला नसता.

तथापि चित्रकारानें रानांत जाऊन करावयाचें काय, हा प्रश्न त्या काळीं साधा नव्हता. फ्रान्समधील राजमान्य कलापंडितांच्या मतें चित्रांत श्रेष्ठ तें इतिहासाचें व पुराणकथेचें. झाडें, डोंगर, पाणी हीं मागच्या पडद्यासारखीं. निसर्गचित्रास मान हवा असेल तर त्यांत एखादी ग्रीक देवता अथवा रोमन वीर उभा करावा लागे. मग तो बोटाएवढा कां असेना! १८१७ पासून रोमला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति निसर्गचित्रासाठींहि देण्यांत येऊं लागली, परंतु ती 'ऐतिहासिक' निसर्गचित्रासाठीं. तिच्या परीक्षेंत एक गमतीचा भाग असा होता कीं उमेदवारास खोलींत कोंडून घेऊन एक झाड स्मरणानें काढावें लागे. झाड स्मरणानें काढावयाचें तर तें आधीं डोळे भरून पाहिलें पाहिजे. या परीक्षेच्या भीतीनें कित्येक तरुण पहिल्यानें फोंतेन्ब्लोच्या वाटेस लागले. परीक्षा ही वस्तु नेहमीं विद्येस मारकच असते असें म्हणणाऱ्यांनीं हा दाखला ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

या बाबतींत वालांसिएन नांवाच्या जुन्या चित्रकार-शिक्षकाचें ऋण मोठें. त्यानें १८०० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत विद्यार्थ्यांस उघड्यावर तैलरंगांत अभ्यास करण्याचा उपदेश केला आणि एक सक्त नियम घालून दिला : एका अभ्यासास दोन तासांपेक्षां अधिक वेळ देऊं नये, आणि सूर्योदय अथवा सूर्यास्त असेल तर अर्ध्या तासांत हात थांबवावा. कारण उघड आहे. दोन तासांत सूर्य सरकतो, सावल्या फिरतात. ज्या झाडापासून आरंभ केला तें झाड मग समोर राहतच नाहीं. जो हट्टानें पुढें रंगवीत बसतो तो सकाळचें आभाळ आणि दुपारच्या सावल्या एकाच चित्रांत कोंबतो. आजहि जीं शिबिरें भरतात त्यांत नवशिक्यांची पहिली चूक बहुधा हीच असते. पण वालांसिएनच्या दृष्टीनें हे अभ्यास म्हणजे केवळ कच्ची वही. खरें चित्र घरीं, चित्रशाळेंत बसून, शहाण्यासारखें रचावयाचें. वहीच पुढें चित्राच्या योग्यतेस चढेल हें त्याच्या स्वप्नींहि नसेल.

यंत्रयुगानेंहि या कामीं हात दिला. पूर्वीं तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवींत भरून ठेवीत. पिशवीस टांचणीनें भोंक पाडून रंग पिळून घ्यावयाचा; मग तें भोंक नीट बुजत नसे, रंग सुके, पिशवी फुटे, आणि कपड्यांचा नाश होई तो वेगळाच. १८४१ मध्यें जॉन रँड या लंडनमध्यें राहणाऱ्या अमेरिकन चित्रकारानें दाबून रंग काढण्याची कथलाची नळी शोधून काढली. हल्लीं दांत घासण्याच्या पेस्टची नळी हातीं धरतांना त्या गृहस्थाची आठवण कोणास होत नाहीं. परंतु रंगांची दुकानदारी खिशांत घालून मैलोगणती भटकण्याची मोकळीक चित्रकारास दिली ती त्यानें. १८४९ त पॅरिसहून फोंतेन्ब्लोपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि दिवसाची धक्के खात होणारी मजल कांहीं तासांवर आली.

अरण्याच्या पश्चिम कडेस बार्बिझों नांवाचें एक खेडें आहे. तेव्हां त्यास ना देऊळ ना बाजार. शायी या शेजारच्या गांवाची ती एक वाडी. एकच लांबट रस्ता, दुतर्फा शेतकऱ्यांचीं व लाकूडतोड्यांचीं बुटकीं घरें, रस्त्याचें एक टोंक गव्हाच्या सपाट शेतांत तर दुसरें थेट ओकांच्या सावलींत. तेथें गान नांवाच्या जोडप्याचें वाणसामानाचें दुकान व त्यास जोडून खाणावळ होती. १८३० नंतरच्या दशकांत चित्रकार तेथें उतरूं लागले. दर माफक, उधारीस मनाई नाहीं, आणि पाहुण्यांच्या दाढ्यांविषयीं अथवा टोप्यांविषयीं यजमानांची तक्रार नाहीं, एवढें त्यांस पुरें होतें. पाऊस लागला म्हणजे मंडळी घरांतच अडके. हातांना चैन पडेना म्हणून कोणी कपाटाच्या दारावर, कोणी भिंतीवर, कोणी पलंगाच्या फळीवर चित्रें काढी. तीं कपाटें अजून आहेत. ती खाणावळ आज संग्रहालय झाली आहे. ज्या दारामागें गानबाई बशा ठेवीत, त्या दारासाठीं आज दूरदेशचे लोक तिकीट काढतात.

नव्या पाहुण्याच्या दीक्षेचा एक विधि तेथें असे. जुन्या मंडळींच्या देखत त्यास एक मोठी चिलीम ओढावी लागे. बाकीचे गंभीर मुद्रेनें त्याच्या धुराकडे पाहत. धुराचीं वलयें इंद्रधनुष्यासारखीं भासलीं तर हा रंगाचा भक्त ठरे. नुसतीं करडीं दिसलीं तर जुन्या पंडितांच्या संप्रदायाचा. थट्टाच ती, परंतु थट्टेंत त्या काळचा सर्व वाद सामावलेला होता.

दिनक्रम मात्र थट्टेचा नव्हता. पहांटे उठावयाचें, गानबाईंनीं भरून ठेवलेली पाव, थंड मांस व दारूची शिदोरी पाठीवर टाकावयाची. एका हातांत रंगाची पेटी, दुसऱ्या हातांत टोंकदार काठी, बगलेंत घडीचें आसन व मोठी छत्री, अशा थाटांत ही पलटण रानांत शिरे. छत्री पावसासाठीं नव्हे; पानांतून गळणारें ऊन कॅनव्हासवर पडलें कीं रंगाची पारख चुकते, म्हणून ती हवी. रानांत प्रत्येकजण आपापली वाट धरी. कोणी आप्रमोंच्या खडकाळ दरींत, कोणी फ्रांशारच्या शिळांत, कोणी बार्बिझोंच्या दारांतल्या बा-ब्रेओ येथील महावृक्षांखालीं. मुंग्या, गांधीलमाशा व सर्प यांची सोबत सर्वांसच. संध्याकाळीं परत आल्यावर दिवसाचें काम भिंतीशीं लावून ठेवीत आणि जेवणाआधीं सर्वांनीं सर्वांच्या उणिवा काढाव्या असा प्रघात होता. गुरु नाहीं, फी नाहीं, हजेरीचें पुस्तक नाहीं, प्रमाणपत्र नाहीं. कोणत्याहि शिक्षणखात्यास जिचा अभ्यासक्रम लिहून देतां येणार नाहीं अशी ही शाळा दोन पिढ्या चालली आणि तींतून युरोपच्या चित्रकलेचें वळण पालटलें. कोरोसारखा प्रौढ, शांत वृत्तीचा कलावंत तेथें येऊन जाई; दॉबिन्यी येई, ज्यानें पुढें १८५७ त नदीवर होडीचीच चित्रशाळा केली; आणि लांकडी पायाचा, शीघ्रकोपी पण उदार दियाझ तर रानांतल्या एखाद्या दैवताप्रमाणें सर्वत्र आढळे.

या मंडळींत अरण्याशीं ज्याचें जन्माचें नातें जडलें तो तेओदोर रूसो. राज्यक्रांतीचा तत्त्ववेत्ता रूसो तो निराळा. हा त्याचा नातलगहि नव्हे. याचा जन्म पॅरिसमध्यें १८१२ सालीं झाला. तरुणपणींच त्याच्या हातांतील सामर्थ्य दिसूं लागलें होतें. परंतु पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनाच्या परीक्षकांनीं १८३६ पासून पुढें वर्षानुवर्षें त्याचीं चित्रें परत पाठविलीं, तीं इतकीं कीं लोक त्यास 'महान् नापास' म्हणूं लागले. शेवटीं त्यानें चित्रें पाठविणेंच सोडून दिलें. त्याच्या चित्रांत देवता नव्हत्या, वीर नव्हते. होता तो एक ओक, त्याच्या फांद्यांच्या कोपरांसकट. आणि त्याच्या खालीं गुरें पाणी पीत आहेत, एवढेंच. परीक्षकांस हें चित्रच वाटेना. १८४८ च्या क्रांतीनें राजा गेला, त्याबरोबर जुने परीक्षकहि गेले, आणि नव्या सरकारनें रूसोकडूनच अरण्याच्या कडेचें सूर्यास्ताचें एक मोठें चित्र मागवून घेतलें. त्या सुमारास तो बार्बिझोंस कायमचा राहावयास आला होता.

रूसो उघड्यावर काम करी खरें, परंतु तो झटपट काम उरकणारा नव्हता. हिवाळ्यांतील सूर्यास्ताच्या वेळचें अरण्य हा विषय घेऊन त्यानें एक विशाल चित्र १८४६ च्या सुमारास आरंभिलें, आणि १८६७ त त्यास मृत्यु आला तेव्हांहि तें त्याच्या लेखीं पुरें झालें नव्हतें. आज तें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहे. काळ्या, गुंतलेल्या फांद्यांचें दाट जाळें, त्यामागें लाल आभाळ, आणि खालीं मोळ्या वाहणाऱ्या दोन बायका, त्या इतक्या लहान कीं प्रथम नजरेस पडतच नाहींत. वालांसिएनचा दोन तासांचा नियम आणि रूसोचीं वीस वर्षें, यांपैकीं खरें काय असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. खरीं दोन्ही आहेत. दोन तास पाहण्याचे, वीस वर्षें समजण्याचीं.

ज्या रानाचें असें ध्यान रूसो करी त्याच रानाकडे जंगलखातें निराळ्या डोळ्यांनीं पाहत होतें. खात्याच्या दृष्टीनें म्हातारा ओक म्हणजे बुडीत भांडवल. आंतून पोखरलेला, इमारतीच्या कामास निरुपयोगी, आणि खालीं नवें झाड वाढूं न देणारा. तो तोडावा आणि रिकाम्या, वाळवंटी जागीं लवकर वाढणारा पाइन लावावा, हा हिशेब कागदावर चोख होता. त्याप्रमाणें १८३० नंतर उघड्या माळांवर व खडकांच्या मधल्या जागांत पाइनचीं रोपें हजारों एकरांवर लागूं लागलीं. चित्रकार संतापले. ज्या मोकळ्या माळावर आभाळ दिसे तेथें आतां हिरव्या फण्यांच्या रांगा! त्यांनीं अर्जबिर्ज न करतां प्रथम सोपा मार्ग धरला : रानांत जातां येतां हीं रोपें उपटून टाकण्याचा. सरकारी झाडांची अशी नासधूस हा गुन्हाच होता, आणि त्याचें समर्थन करण्याचें कारण नाहीं. परंतु या राखीव रानाच्या इतिहासाचा आरंभ झाडें लावण्यानें नव्हे तर झाडें उपटण्यानें झाला, ही गोष्ट लपविण्याचेंहि कारण नाहीं.

१८४७ त रूसोनें एक चित्र काढावयास घेतलें. त्यांत मोठीं झाडें पाडण्याचें काम चाललें आहे. माणसें दोर लावून ओढीत आहेत. त्या चित्रास त्यानें 'निष्पाप बालकांची हत्या' असें नांव दिलें. ख्रिस्ती पुराणांत हेरॉड राजानें बेथलहेमचीं तान्हीं मुलें मारविल्याची कथा आहे. आपल्याकडील कंसाच्या कथेशीं ती जुळती आहे. शेंकडों वर्षांच्या वृक्षांस बालक म्हणणें प्रथम चमत्कारिक वाटतें. परंतु बोलतां न येणारें व पळतां न येणारें जें तें बालकच, हा त्यांतील भाव असावा. तें चित्र अपुरेंच राहिलें. तें हल्लीं हेग शहरीं आहे.

१८५२ त मात्र त्यानें लेखणी हातीं घेतली. आल्फ्रेद सांसिये हा सरकारी कचेरींत नोकरीस असलेला त्याचा जिवलग मित्र. अर्ज कसा लिहावा, कोणाच्या हातीं पडेल असा लिहावा, हें चित्रकारापेक्षां कचेरींतल्या माणसास अधिक कळतें. दोघांनीं मिळून मोर्नी यांस एक निवेदन सादर केलें. हे मोर्नी म्हणजे तिसऱ्या नेपोलियनचे सावत्र बंधु आणि त्या राजवटीचे बडे प्रस्थ. निवेदनाचा मतलब असा कीं, थोर गुरूंच्या कृति संग्रहालयांत जशा जपून ठेवतात तसे हे जुने वृक्ष व हे खडक कलावंतांच्या अभ्यासाचे नमुने आहेत. ते एकदां गेले तर पुन्हां कोणत्याहि खजिन्यानें विकत मिळणार नाहींत. म्हणून चित्रकार जेथें काम करतात त्या जागा तोडीपासून वगळाव्या. त्यांत जनावरांचा, पक्ष्यांचा किंवा आजकाल ज्यास पर्यावरण म्हणतात त्याचा विचार नव्हता. विचार होता तो चित्रकाराच्या डोळ्यांचा.

अर्जाचें फळ मिळालें. १८५३ मध्यें ६२४ हेक्टर रान तोडीच्या योजनेंतून बाहेर काढण्यांत आलें, आणि १३ ऑगस्ट १८६१ च्या बादशाही हुकुमानें ही जागा १,०९७ हेक्टरांपर्यंत वाढविण्यांत आली. तिचें सरकारी नांवच मुळीं 'कलाविभाग'. अमेरिकेंतील यलोस्टोन हें पहिलें राष्ट्रीय उद्यान १८७२ सालचें. म्हणजे त्याच्या अगोदर ११ वर्षें एका सरकारनें सौंदर्यासाठीं रान राखण्याचा लेखी हुकूम काढला होता, आणि तो काढविला होता रंगानें माखलेल्या बोटांच्या माणसांनीं.

येथवर ऐकून कोणाचेंहि मन चित्रकारांच्या बाजूस झुकेल. पण त्या रानांत आणखीहि माणसें होतीं. खडक फोडून पोट भरणारे खाणकामगार होते. त्यांचा सुरुंग ज्या शिळेस लावला जाई तीच शिळा चित्रकारास हवी असे. वाळलेलीं लांकडें वेंचून हिवाळा काढणाऱ्या गरीब बायका होत्या. त्यांच्या मोळीवर वनरक्षकाची नजर असे. पाठीवर छत्री-पेटी घेऊन फिरणाऱ्या पॅरिसच्या गृहस्थावर नसे. चित्रकारांना जें रान 'अस्पर्श' दिसे तें पिढ्यान्‌पिढ्या याच माणसांच्या हातांखालून गेलेलें होतें. रूसोच्या अर्जांत या लोकांस फारसें स्थान नाहीं. तें त्यांस मिळालें तें मियेच्या चित्रांत.

झां-फ्रांस्वा मिये हा नॉर्मंडीच्या शेतकऱ्याचा मुलगा. १८४९ मध्यें पॅरिसमध्यें पटकीची साथ होती, राजकीय दंग्यांनीं शहर हैराण झालें होतें. तेव्हां तो बायकामुलांसह बार्बिझोंस आला. चार दिवस राहावयास म्हणून आलेला हा मनुष्य २६ वर्षें राहिला आणि तेथेंच वारला. त्याचीं 'सर्वा वेंचणाऱ्या बायका' व 'संध्याप्रार्थना' हीं चित्रें शाळेच्या भिंतींवर छापील रूपानें पूर्वीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. तीं शेतें बार्बिझों व शायी यांच्या मधलींच. मोळ्या वाहणाऱ्या बायकांचीं चित्रें तर त्यानें पुन्हां पुन्हां काढलीं. आणि त्या मोळीचा भार खांद्यांत, मानेंत, पावलांत कसा उतरतो हें त्याच्याइतकें थोड्यांनीं दाखविलें असेल. झाडापाशीं रूसो थांबला आणि झाडाखालून जाणाऱ्या माणसापाशीं मिये थांबला, असें म्हटल्यास चालेल.

दोघांचा स्नेहहि मोठा. मियेच्या घरीं मुलें पुष्कळ व पैसा थोडा. १८५५ मध्यें त्याचें 'झाडास कलम करणारा शेतकरी' हें चित्र प्रदर्शनांत होतें. एके दिवशीं रूसोनें येऊन सांगितलें कीं एक अमेरिकन गृहस्थ तें ४,००० फ्रँकांस घेण्यास तयार आहे. पैसे आले, घर सावरलें. कालांतरानें उमगलें कीं असा कोणी अमेरिकन नव्हताच; चित्र खुद्द रूसोनें घेतलें होतें. मित्राचा मानभंग होऊं नये म्हणून एक खोटा परदेशी निर्माण करण्याइतकी कल्पकता त्या रुक्ष दिसणाऱ्या माणसांत होती.

चित्रकारांच्या पाठोपाठ प्रवासी आले. याचें श्रेय अथवा अपश्रेय देनकूर या जुन्या शिपायाचें. पहिल्या नेपोलियनच्या सैन्यांत लढलेला हा मनुष्य उतारवयांत या अरण्याच्या प्रेमांत पडला. १८४२ पासून त्यानें स्वतःच्या खर्चानें पायवाटा आंखल्या, दगडांवर व झाडांवर निळे बाण काढले, गुहा साफ केल्या, खडकांस नांवें दिलीं आणि खिशांत मावणारीं मार्गदर्शक पुस्तकें छापलीं. खुणा करून ठेवलेल्या अशा पायवाटा जगांत प्रथम येथेंच झाल्या असें मानतात. रविवारीं आगगाडी भरभरून लोक येऊं लागले. चित्रकारांच्या कपाळास आंठ्या पडल्या. रान राखा म्हणून ज्यांनीं हांक दिली त्यांनाच तें पाहावयास आलेला समाज नकोसा झाला, ही मनुष्यस्वभावाची गंमत आहे. तरी देनकूरवर प्रेम करणारे लेखकहि थोडे नव्हते. १८५५ त त्याच्या गौरवार्थ निघालेल्या ग्रंथांत बोदलेअरसारख्या कवीनें आपल्या कविता दिल्या आहेत.

१८६० नंतर पॅरिसमधील ग्लेरच्या चित्रशाळेंतील कांहीं तरुण या रानांत दिसूं लागले : मोने, बाझीय, सिस्ले आणि रेन्वार. रेन्वार पूर्वीं चिनी मातीच्या बशांवर फुलें रंगविण्याचें काम करी आणि तोच कारागिराचा झगा घालून रानांत बसे. एकदां कांहीं टवाळांनीं त्याच्या झग्यावरून त्याची चेष्टा आरंभिली, सामानास लाथा मारल्या. इतक्यांत झाडांतून एक लांकडी पायाचा दणकट म्हातारा सोटा परजीत आला आणि त्यानें त्या टोळक्यास पिटाळून लाविलें. तो दियाझ. चित्राकडे नजर टाकून, चित्र वाईट नाहीं, पण इतकें काळें कां, असें त्यानें विचारलें. आणि पुढें आपल्या रंगवाल्याकडे या गरीब पोरास उधारीवर रंग मिळतील अशी सोय करून दिली. ही हकीकत रेन्वार स्वतः म्हातारपणीं सांगत असे. सावलींतहि रंग असतो हा धडा त्या पिढीनें पुढें जगास शिकविला.

१८६५ मध्यें मोने शायीच्या खाणावळींत उतरला होता. वनभोजनाचें एक अजस्र चित्र त्यास काढावयाचें होतें, आणि आपला उंचापुरा मित्र बाझीय नमुन्यासाठीं उभा राहावा म्हणून तो पत्रांवर पत्रें पाठवीत होता. बाझीय आला तों मोनेच्या पायास इजा झालेली. बाझीयनें वैद्यकीचा अभ्यास केलेला असल्यामुळें त्यानें खाटेच्या वर एक भांडें टांगून जखमेवर गार पाण्याचे थेंब पडतील अशी युक्ति केली, आणि मग स्वस्थ बसून अंथरुणांत चडफडणाऱ्या मोनेचेंच चित्र काढलें. तें चित्र जगलें; बाझीय मात्र १८७० च्या युद्धांत २८ व्या वर्षीं पडला. पाय बरा झाल्यावर मोनेनें बोडमर-ओक या प्रसिद्ध वृक्षाचें चित्र काढलें. खालीं गळलेल्या पानांचा गालिचा आणि त्यावर उन्हाचे कवडसे. रूसोच्या झाडांपेक्षां हें झाड हलकें, तरतरीत आहे. त्यास वीस वर्षें लागलेलीं नाहींत.

रूसोचीं शेवटचीं वर्षें कष्टांत गेलीं. पत्नीस वेड लागलें. तिला इतरत्र ठेवावें असें मित्र म्हणत, पण तो ऐकेना. १८६७ च्या जागतिक प्रदर्शनांत, ज्यास एके काळीं सर्वांनीं नाकारलें तोच परीक्षकांचा अध्यक्ष होता. त्याच वर्षीं त्यास पक्षघात झाला आणि २२ डिसेंबरास बार्बिझोंच्या घरीं, मियेच्या सोबतींत, तो वारला. शायीच्या स्मशानभूमींत त्यास पुरलें. १८७५ त मियेलाहि तेथेंच, त्याच्या शेजारीं ठेवलें.

राखलेल्या रानाचें पुढें काय झालें हा भाग चित्रकारांच्या चरित्रांतून बहुधा गाळला जातो, आणि तोच अधिक विचार करण्यासारखा आहे. ला तिये नांवाचा एक तुकडा १८५३ पासून जवळजवळ कुऱ्हाडीविना राहिला. ज्या ओकांसाठीं तो राखला ते ओक कालांतरानें एकामागून एक वठले. त्यांच्या जागीं नवे ओक उगवले नाहींत. ओकाच्या रोपास ऊन हवें असतें. बीचचें रोप सावलींतहि चिवटपणें वाढतें. गुरें चरत होतीं, लांकूडतोड चालू होती, तोंवर रानांत उजेड शिरत असे व ओकास वाव मिळे. माणसाचा हात थांबला आणि बीचनें ओकास झांकून टाकलें. आप्रमोंच्या दरींतील उघडे खडकहि झाडोऱ्यानें पुष्कळसे झांकले गेले. त्यामुळें रूसोच्या चित्रांतील कित्येक देखावे त्याच जागीं उभें राहून पाहूं गेल्यास आज दिसत नाहींत; त्या रूपांत ते चित्रांतच उरले. हल्लीं कांहीं ठिकाणीं मुद्दाम पाइन तोडून माळ पुन्हां मोकळे केले जातात. म्हणजे ज्यांच्या रोपांसाठीं चित्रकारांस गुन्हेगार म्हटलें असतें तींच झाडें आतां सरकारी खर्चानें निघतात!

पण त्या मेलेल्या ओकांचा दुसरा उपयोग निघाला. कुजणाऱ्या लांकडांत राहणारे भुंगेरे, अळंबीं, ढोलींत घरटीं करणारे पक्षी यांचें तें माहेरघर झालें, आणि जें कोणी मागितलेंच नव्हतें तें रक्षण त्यांना आपोआप मिळालें. शास्त्रज्ञ तेथें अभ्यासास येऊं लागले. १९५३ मध्यें त्यांच्यासाठीं जीवशास्त्रीय राखीव विभाग ठरविण्यांत आले. निसर्गरक्षणाची जागतिक संस्था १९४८ च्या ऑक्टोबरांत स्थापन झाली तीहि याच फोंतेन्ब्लोंत, आणि १९९८ पासून या अरण्याची व त्याच्या भोंवतालच्या प्रदेशाची गणना युनेस्कोच्या जीवावरण-क्षेत्रांत होते.

बार्बिझोंच्या बाहेर, रान सुरू होतें तेथें, एका मोठ्या शिळेंत रूसो व मिये यांच्या मुखांचें ब्राँझचें पदक १८८४ मध्यें बसविलेलें आहे. दोघे एकाच दिशेस पाहत आहेत. सुटीच्या दिवशीं खडक चढणारे तरुण पाठीवर गाद्यांच्या वळकट्या घेऊन रानांत शिरतात. शिळांवर चढतांना बोटें निसटूं नयेत म्हणून तळहातांस पांढरी पूड लावतात. कोठें एखादा हौशी चित्रकार छत्री रोवून बसतो. आणि रानांतल्या पायवाटांवर, खडकांच्या अंगावर, जुन्या शिपायाच्या निळ्या खुणा अजून कोणी ना कोणी दर कांहीं वर्षांनीं नव्यानें रंगवितो.